मथुरेच्या ओटीतली रिया

मथुरा मासे विकते. सकाळी मालवणच्या बंदरावरून पाटी घेऊन निघाली की दुपारपर्यंत वाड्या पालथ्या घालते, आणि भाव पाडून मागणाऱ्याला तोंडावर विचारते, "समुद्र तुझ्या बापाशीचो काय रे?" तिला कोणी गोड म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही.

नऊ वर्षांपूर्वी तिची शेजारीण चंद्रावती काविळीने गेली. नवरा आधीच होडीबरोबर बुडाला होता. जायच्या चार दिवस आधी चंद्रावतीने देवळात येऊन सहा महिन्यांची रिया मथुरेच्या ओटीत घातली. मथुरा विधवा, मूलबाळ नाही. देवळाचे मानकरी, गावकर परशुरामभाऊंनी देवापुढे गाऱ्हाणं घातलं, "बा महाराजा, आजपासून ह्या चेडू मथुरेचा." आम्ही सगळे म्हणालो, "व्हय महाराजा." तिथे विषय संपला.

मी अंगणवाडीत आहे. गावात बाल संरक्षण समिती नेमली तेव्हा सचिव मलाच केलं. मथुराही सभासद. दर महिन्याला तक्ता भरायचा : गावातील अनाथ बालके. मी दर वेळी ‘निरंक’ लिहायची आणि खाली मथुरेची सही असायची. आमच्या मनात खोट नव्हती. देवासमोर दिलेलं पोर अनाथ कसं?

गेल्या वर्षी नव्या नियमांप्रमाणे पडताळणी आली. जिल्ह्याच्या कचेरीतून संचिता मॅडम प्रत्येक मुलाचा दाखला बघायला आल्या. शाळेत रियाची आई मथुरा, जन्माच्या नोंदीत चंद्रावती. मॅडमनी मला विचारलं आणि मी खरं ते सांगितलं.

मथुरा अंगणात कोयती घेऊनच उभी राहिली. "आठ वर्सां तुमी खंय होतात? पोरीक ताप इलो तेव्हा तुमचो नियम उशाक बसलेलो?"

"मावशी, नियम आता तुमच्याच बाजूचे झालेत," मॅडम म्हणाल्या. "आधी घरापेक्षा बालगृहच बघत. आता एकट्या बाईलाही मूल सांभाळायला देतात. फक्त जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे येऊन सांगा, मूल माझं नाही, अनाथ आहे."

"तुझी जीभ झडांदे!"

ती आली नाही तर रियाला बालगृहात न्यावं लागेल, हे मॅडमनी दोनदा सांगितलं.

ओरोसला, जिल्ह्याच्या समितीपुढे, आम्ही एकाच एसटीने गेलो. मथुरा आणि रिया पुढे बसल्या. मी साक्षीला म्हणून मागे.

समितीच्या अध्यक्ष बाईंनी विचारलं, "मूल अनाथ आहे, मान्य आहे ना?"

"माका ता बोलूक येवचा नाय."

"मग आम्हाला आदेश देता येणार नाही."

तीनदा हेच झालं. शेवटी मथुरा रियाचा हात धरून उठली, तर शिपाईबाई दारात आडवी आली. रियाने हात सोडवून घेतला आणि टेबलापाशी गेली.

"मॅडम, मी अनाथ आसंय. लिवा. आये, तूय सांग गो, एसटी चुकतली."

कोणीतरी हसलं. मथुरेने हसणाऱ्याकडे असं पाहिलं की तो खाली बघू लागला.

"व्हय. अनाथ आसा," ती म्हणाली. सही करताना पेनाने कागद फाटला. रियाला सांभाळायचा एका वर्षाचा आदेश मिळाला. मॅडम तपासणीला येत राहणार होत्या.

गावात उतरल्यावर ती घरी गेलीच नाही. परशुरामभाऊंना ताटावरून उठवून देवळात आणलं, नारळ ठेवायला लावला. भाऊंनी गाऱ्हाणं घातलं, "बा महाराजा, मायलेकी कचेरीत जा काय बोलल्यो, ता मनार घेव नको."

"व्हय महाराजा!" रिया सगळ्यात मोठ्याने ओरडली. मीही म्हटलं. मथुरा गर्रकन वळली.

"तू गप. तुझो व्हय देवाक नको."

त्या महिन्याच्या तक्त्यात मी ‘निरंक’च्या जागी ‘एक’ लिहिलं. मथुरेने सही करून कागद माझ्याकडे भिरकावला. तिची पाटी अजून माझ्या दारावरून हाक न देता जाते. मासे मला बंदरावर जाऊन आणावे लागतात. आणि देवळात गाऱ्हाणं चाललं असलं की सगळे ‘व्हय’ म्हणतात, माझ्या तोंडून तो निघत नाही.