चांगल्या मालाला हात नाही

माझी थोरली जाऊ जन्मापासून मुकी आणि बहिरी. तिला वेडी म्हणणारे लोक मी आयुष्यभर पाहिले, आणि त्यांतल्या निम्म्यांना स्वतःच्या शर्टाची बटणं सरळ लावता येत नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मला राग येणार आहे आणि राग आला की माझं बोलणं भरकटतं.

मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा सासूबाईंनी तिची ओळख एका दमात उरकली. ही थोरली, हिच्याशी बोलत बसू नकोस, हिला काही कळत नाही. मी पडले बडबडी. पहिल्याच आठवड्यात कशावरून तरी बोलणी खाल्ली आणि स्वयंपाकघरात तोंड फिरवून रडत बसले. जाऊबाई आल्या, समोर उभ्या राहिल्या आणि सासूबाई झाल्या. एक हात कमरेवर, ओठ पुढे, मान तिरकी, चालताना डावा पाय किंचित ओढत. इतक्या हुबेहूब, की हसू बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून मला पदर तोंडात कोंबावा लागला. कळत नाही म्हणे.

तेव्हापासून आमची हातांची भाषा सुरू झाली. ओठ पुढे काढले की सासूबाई, गालावर हात की झोप, मुठीवर मूठ की भांडण. ती शाळेत गेलीच नव्हती, त्यामुळे मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत शिकवतात ती बोटांची भाषा तिला येत नव्हती. तिची भाषा घरात तयार झालेली, आणि ती जगात मोजून तीन माणसांना यायची. तिची मुलगी, मी आणि पुढे नात.

मी कप-बशांच्या कारखान्यात कामाला लागले आणि वर्षभरात मुकादमाच्या मागे लागून तिलाही चिकटवलं. आमचं खातं निवडीचं. भट्टीतून निघालेला माल पट्ट्यावरून सरकत येतो. आपण उजव्या हाताचं एक बोट लाल रंगात बुडवायचं, आणि तडा, फोड, वाकडा कान दिसला की त्या नगाला टिपका लावायचा. टिपका लागला की बाद. तो पुढे फुटायला जातो. चांगल्या मालाला हात लावायचाच नाही, कारण रंगाचं बोट चुकून लागलं तर चांगला नगही बादच. म्हणून चांगला नग समोरून जाताना आम्ही बायका हात मागे घ्यायचो. पुढे पुढे ते इतकं अंगात मुरतं की भाजी घेतानाही आधी किडक्यालाच बोट जातं. भाजीवाला माझ्यावर वैतागायचा. जाऊबाईंचं नख तर कायमचंच लालसर झालं होतं. मुकादम म्हणायचा, हिच्या नजरेतून केसाएवढी चीर सुटत नाही, तुम्ही मात्र गप्पा मारता आणि सोडता. आम्हाला म्हणजे मला.

तिची मुलगी तापाच्या दुखण्यात गेली. जावई आधीच गेलेला. मागे राहिली एक नात, आम्ही तिला चिमणी म्हणतो. चिमणी तोंडाने बोलायच्या आधी हातांनी बोलायला लागली. रात्री ती रडली तर आजीला ऐकू कसं येणार? म्हणून जाऊबाईंनी जुन्या साडीची एक पट्टी फाडली, एक टोक पोरीच्या मनगटाला, एक स्वतःच्या. पोरगी हलली की आजी जागी. पोर मोठी झाली तरी पट्टी सुटली नाही, पट्टी बांधल्याशिवाय दोघींनाही झोप येत नसे.

मग चिमणीची आत्या आली. लांबच्या शहरात राहते, मूलबाळ नाही, घर मोठं. बाई वाईट नाही, हे मला मान्य करावं लागतं आणि तेच जास्त टोचतं. तिचं म्हणणं सरळ होतं: माझ्या भावाची मुलगी एका मुक्या, अडाणी बाईकडे वाढणार, उद्या शाळा, दवाखाना, हे ती कसं करणार? प्रकरण मुलांच्या ताब्याचा निकाल देणाऱ्या कार्यालयात गेलं. तिथल्या साहेबांनी माझं सगळं ऐकून घेतलं, पट्टीचंही ऐकलं, आणि मग म्हणाले की आजीला समज किती आहे हे एकदा तपासून घेऊ. बोटांची भाषा सांगणारा माणूस बोलावला होता, त्याचं एक अक्षर तिला कळेना आणि तिचं त्याला. तेव्हा साहेबांनी दुसरी वाट काढली. बिनशब्दांची चाचणी म्हणून असते.

"यात बोलायचं नाही, वाचायचं नाही. नुसती चित्रं. जगातल्या कुठल्याही माणसाला सारखीच," साहेब म्हणाले.

मला खरंच बरं वाटलं. चित्रं म्हणजे नजरेचं काम, आणि नजरेत तिला कोण हरवणार? मी घरी जाऊन तिला सांगितलंसुद्धा, की चिमणी आता आपलीच. तिने हातांनी विचारलं, नक्की? मी छाती ठोकून नक्की म्हटलं.

चाचणीच्या खोलीबाहेर बाकावर नाना मुलखांतली माणसं बसली होती. कोणाची भाषा कोणाला येत नव्हती, सगळे आपापल्या चपलांकडे बघत होते. आमची पाळी आली. चाचणीवाली बाई तरुण होती, सर्दीने नाक लाल झालेलं. तिने मला मागच्या खुर्चीवर बसवलं आणि बजावलं की एक शब्द नाही, एक खूण नाही, नाहीतर सगळं रद्द. मी हात मांडीखाली दाबून बसले.

बाईने पहिला कागद ठेवला. वर एक नक्षी, नक्षीत एक चौकोन रिकामा, आणि खाली सहा तुकडे. रिकाम्या जागी कुठला तुकडा बसतो ते दाखवायचं. पण हे सांगायचं नाही ना, शब्दच नाहीत. बाईने नुसतं रिकाम्या जागेवर बोट ठेवलं, मग तुकड्यांवरून हात फिरवला आणि जाऊबाईंकडे बघितलं.

जाऊबाईंनी नक्षी बघितली आणि भराभर पाच तुकड्यांवर बोट टेकवलं. सहावा सोडला आणि हात मागे घेतला.

बाईने मान हलवली, एक बोट वर केलं. एकच. मग स्वतः त्या सहाव्या तुकड्यावर बोट ठेवून हसली. जाऊबाई दचकल्या. त्या तुकड्यावर ओणव्या झाल्या, कागद तिरका धरून उजेडात बघायला लागल्या. बाईने काहीतरी लिहून घेतलं. अजून एक नमुना झाला, तोच प्रकार. मग खरी चाचणी सुरू झाली. एकच बोट, म्हणजे त्यातला सगळ्यात वाईट, असं समजून तिने प्रत्येक कागदावर सगळ्यात विसंगत तुकड्याला टिपका दिला आणि हात मागे घेतला. एवढ्या झरझर, की मला वाटलं, आता ही बाई उठून टाळ्या वाजवणार.

मग माझी नजर तिच्या मागे घेतलेल्या हाताकडे गेली. ती निवड करत होती. पट्ट्यावर बसल्यासारखी बाद माल काढत होती, आणि चांगल्याला हात लावत नव्हती. मी खुर्चीतून अर्धी उठले. बाईने माझ्याकडे न बघताच तळवा दाखवला, बसा. मी बसले. उठले असते तर सगळं रद्द, आणि पुढची तारीख मिळेपर्यंत चिमणी आत्याकडे, असं आधीच सांगितलेलं.

संपल्यावर मी बाईला गाठलं आणि सगळं सांगितलं. रंगाचं बोट, पट्टा, सगळं. तिने नाक पुसत ऐकलं, उडवून लावलं नाही.

"तुम्ही म्हणता ते खरं असेलही," ती म्हणाली, "पण प्रत्येकाचे नातेवाईक मला काही ना काही सांगतातच. मी समोर दिसलं तेच लिहू शकते."

"मॅडम, एकही बरोबर नाही. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी दोन-चार लागले असते. तिला सगळी बरोबर माहीत होती, म्हणून तर सगळी चुकली."

परत एकदा घ्या म्हणून मी हात जोडले. तीच चित्रं वर्षभर पुन्हा दाखवता येत नाहीत, तसा नियम आहे, म्हणाली. माझं म्हणणं शेवटी दोन ओळींत लिहिते म्हणाली, आणि तिने लिहिलंही. पण साहेबांनी वरचा आकडा बघितला. तो आकडा इतका खाली होता की खालच्या ओळींपर्यंत कोण जातंय? माझं डोकं सणकलं, मी साहेबांना नाही नाही ते बोलले, शिपायाने मला दंडाला धरून बाहेर आणलं. काही उपयोग झाला नाही. चिमणी आत्याकडे जाणार हे ठरलं.

जाऊबाई घरी चिमणीचे केस विंचरत होत्या. मला बघून त्यांनी हातातली फणी ठेवली आणि खूण केली, झालं?

आत्या सांगायला माझ्याकडे खूण होती. गाडी सांगायला होती. पण तू नापास झालीस, तुला समज नाही असं त्यांनी ठरवलं, हे कसं सांगायचं? एवढ्या वर्षांत आम्हा दोघींना ते एकमेकींना सांगायची वेळच आली नव्हती. ती थांबली होती. त्या अर्थाची एकच खूण आम्हाला येत होती, कारखान्यातली. मी पुढे झाले आणि उजव्या हाताचं बोट तिच्या कपाळावर टेकवलं.

ती रडली नाही. तिने आधी माझ्या बोटाकडे बघितलं, ते चुकून तर लागलं नाही ना म्हणून. मग ती उठली, आरशासमोर गेली आणि चेहरा उजेडाकडे तिरका धरून, एकेक बाजू करून, स्वतःला तपासायला लागली. कुठे तडा गेलाय ते तिला सापडत नव्हतं. चिमणी मागून तिचा हात ओढत होती, अर्धी वेणी तशीच सुटलेली होती.