बाटलीखालची चिठ्ठी

बारा वर्षं मी हे सांगायचं टाळलं. कधी तब्येतीचं निमित्त केलं, कधी पोरांचं. विषय निघाला की उठून कलमांना पाणी लावायला जायचो, भर पावसातसुद्धा. आता पाणी लावून झालं. आज लिहितो.

मी निवृत्त शिक्षक. सारी नोकरी मराठी शाळेत गेली, त्यामुळे गावात मला नावाने कोणी हाक मारत नाही, सगळे मास्तर म्हणतात. घरात आम्ही आमची कोकणी बोलतो. इथे शाळेत शिकवली तीच भाषा वापरतोय, म्हणजे कोणाला काही समजलं नाही असं व्हायला नको.

गेल्या महिन्यात आमच्या खाडीकाठच्या गावात दोन भाषणं झाली. पहिलं मशिदीशेजारच्या हॉलमध्ये. आखातातून सुट्टीवर आलेला एक तरुण बोलला की पाण्यावर कुराणातल्या ओळी पढून फुंकणं धर्मात बसत नाही. आठ दिवसांनी हायस्कूलमध्ये दुसरं झालं. रत्नागिरीहून आलेल्या गृहस्थांनी सांगितलं की ते विज्ञानात बसत नाही. एरवी ही दोन माणसं एका टेबलावर चहा प्यायली नसती, पण उदाहरण दोघांनी एकच दिलं : याच गावातल्या एका बाईचा जीव पढलेल्या पाण्यापायी गेला.

ती बाई माझी बायको.

पहिल्या वेळी मी गप्प बसलो. दुसऱ्या वेळी उभा राहिलो आणि म्हणालो, "हे खोटं आहे."

"मास्तर, बसा," पाहुणे नरमपणे म्हणाले. "तुमच्या भावना आम्ही समजू शकतो."

"भावना नाही सांगत. माहिती सांगतोय."

तेवढ्यात कोणीतरी माझा हात धरून मला खाली बसवलं आणि प्यायला पाण्याची बाटली दिली. नेमकी बाटलीच. ती तशीच खुर्चीवर ठेवून मी घरी आलो.

मुलाला फोनवर सांगितलं की मी आता सगळं लिहून काढणार. तो दोहाला असतो.

"अब्बा, आता कशाला उकरताय? लोक विसरले."

"विसरले असते तर भाषणात आलं असतं का?"

"पण नाव तुमचंच खराब होणार."

"होऊ दे. बारा वर्षं दुसऱ्याचं झालंय."

ते दुसरं माणूस म्हणजे खाला. माझ्या बायकोची सख्खी मावशी, म्हणून आम्ही खाला म्हणायचो आणि आमचं ऐकून सगळा मोहल्ला. नवरा जहाजावर होता, तो लवकर गेला. असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजानंतर त्या आपल्या पडवीत चटईवर बसायच्या आणि माणसं यायची. तापाची, झोप न येणारी, बाळंतपणाला घाबरलेली. प्रत्येकाने पाणी आपल्याच विहिरीचं आणायचं. खाला सात वेळा फातिहा, म्हणजे कुराणातली पहिली सूरा पढायच्या, मग शेवटच्या दोन सूरा, आणि बाटलीच्या तोंडाशी हळूच फुंकायच्या. ताईत द्यायच्या नाहीत, धागा बांधायच्या नाहीत. कोणी केळ्यांचा घड आणला तर रागवायच्या, "मी काय बाजार मांडलाय?"

आणि त्यांचा एक नियम होता. तो दोन्ही वक्त्यांना माहीत नव्हता, कारण विचारायला कोणी गेलंच नाही. डॉक्टरची चिठ्ठी दाखवल्याशिवाय खाला आजारावर पढत नसत. चिठ्ठी चटईवर पसरायची, तिच्यावर बाटली ठेवायची, मग पढायला सुरुवात. रिकाम्या हाताने आलेल्याला त्या पायरीवरूनच परत पाठवायच्या. "शिफा देणारा, बरं करणारा वर आहे. डाक्टर सुई देतो, मी पढते. दोघांनाही त्यानेच कामाला लावलंय. एकाला टाळून दुसऱ्याकडे आलास तर तो काय म्हणेल?"

कुराण त्या झरझर वाचायच्या. मराठी आणि इंग्रजी अक्षर मात्र त्यांना येत नव्हतं. मी गावात प्रौढांचा वर्ग घेत होतो तेव्हा एकदा म्हणाल्या होत्या, "मास्तर, तुमची अक्षरं मला पण शिकवा. लोक चिठ्ठ्या आणतात, निदान नाव तरी कळेल." मी हसलो. "खाला, या वयात कशाला डोळे दुखवताय?" त्यांनी परत कधी विचारलं नाही. माझ्या शिक्षकपणाच्या साऱ्या वर्षांत इतकी लायक विद्यार्थिनी मी दुसरी परत पाठवली नसेल.

आता मूळ गोष्ट. त्या वर्षी आमसुलं सुकत होती तेव्हा बायकोने मला माडीवर बोलावलं. तिची बोटं कोकमांनी लाल झालेली. ती म्हणाली, डाव्या छातीत गाठ लागतेय. मी हात लावून पाहिलं. सुपारीएवढी.

माझी आई याच दुखण्याने गेली. मुंबईला इलाजाला स्वतःच्या पायांनी गेली होती, परत आणली ती गाडीत आडवी. त्यामुळे मी घाबरलो. लोक म्हणतात बायको घाबरली होती. तीही घाबरली होती, पण मी जायचं म्हटलं असतं तर ती गेली असती. मी म्हणालो, "काही नाही, चरबी असेल. आंबा आटपला की बघू."

"मग तोवर खालांकडून पढून तरी घेऊ," ती म्हणाली.

"चिठ्ठी मागतील."

"मग डाक्टरकडेच जाऊ ना आधी."

मी कपाट उघडलं. माझ्या रक्तदाबाची चिठ्ठी होती, महिन्याभरापूर्वीची. डॉक्टरचं अक्षर असं की मलाच धड लागेना. ती घडी घालून खिशात टाकली. बायकोने पाहिलं.

"खालांशी खोटं नका बोलू."

"दोन आठवड्यांचा तर प्रश्न आहे."

खालांनी चिठ्ठी हातात घेतली, उलटी-सुलटी केली, शिक्क्यावर बोट फिरवलं. मग मला विचारलं, "छातीचं दाखवलंत ना, मास्तर? काय म्हणाला?"

"गोळ्या दिल्यात," मी म्हणालो. "घाबरण्यासारखं नाही म्हणाला."

बाटली चिठ्ठीवर ठेवली गेली. दोन आठवड्यांचे पाच महिने झाले. दर आठवड्याला तोच कागद, त्याच्यावर बाटलीच्या बुडाचं ओलं वर्तुळ. दर वेळी खाला विचारायच्या, "औषध चालू आहे ना?" आणि बायकोच्या आधी मी उत्तर द्यायचो, "चालू आहे." चालू होतंच. माझं.

शेवटी तिचा हात वर होईना तेव्हा रत्नागिरीला नेलं. डॉक्टरने तपासलं आणि चष्मा काढून विचारलं, "इतके दिवस काय करत होता?" शेजारी माझा मेहुणा उभा होता. मी म्हणालो, "खाला पढत होत्या."

या वाक्यातला एकही शब्द खोटा नाही. मी मास्तर माणूस, वाक्य कसं करायचं मला कळतं. त्याच दिवशी मेहुण्याने ते गावात पोहोचवलं.

पुढचं मला ठासून सांगायचंय, आणि ते ऐकून धर्मवाले रागावोत नाहीतर विज्ञानवाले. घरी आणल्यावर बायकोला गोळ्या सुरू होत्या. गोळीने दुखणं कमी व्हायचं, भीती नाही. ती मुठी आवळून छताकडे बघत राहायची. खालांच्या कानावर माझं वाक्य गेलं होतं. तरी त्या आल्या, रोज आल्या, काठी टेकत, जांभ्याच्या चाळीस पायऱ्या चढून. उशाशी बसून पढायच्या. मोठ्याने नाही, शेजारी बसलेल्याला ऐकू येईल इतकंच. पढता पढता बायकोच्या मुठी सुटायच्या. आधी अंगठा, मग बोटं. मग श्वास लांब व्हायचा. हे मी एकदा नाही, महिनाभर पाहिलं. गाठ पढण्याने विरघळते असं खाला कधी म्हणाल्या नाहीत, मीही म्हणत नाही. पण ज्याने त्या मुठी सुटताना पाहिल्या नाहीत त्याने मला शिफा म्हणजे काय ते शिकवू नये. हॉलमधल्यानेही नाही, हायस्कूलमधल्यानेही नाही.

बायको गेली. तिसऱ्या दिवशी जियारतीला, तिच्यासाठी दुआ मागायला माणसं जमली तेव्हा कुजबुज चालली होतीच. एक म्हातारा खालांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पाण्यावर ठेवली बिचारीला. वेळेवर दवाखान्यात नेली असती तर..."

खाला दारात बायकांमध्ये बसल्या होत्या. त्या बोलल्या, "चिठ्ठी आणली होती मास्तरांनी. मी बाटली तिच्यावरच ठेवत होते. विचारा त्यांना."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती चिठ्ठी त्या वेळी माझ्या सदऱ्याच्या खिशात होती.

मी म्हणालो, "खालांचं आता वय झालंय."

बस, एवढंच. कोणी पुढे विचारलं नाही. मास्तर बोलले म्हणजे झालं. खालांनी माझ्याकडे पाहिलं, ओढणी डोक्यावर नीट केली आणि उठून गेल्या. नंतर त्यांनी हा विषय कोणाकडेच काढला नाही. त्यांच्या पडवीत माणसं यायची थांबली. असरनंतर त्या चटई मात्र रोज अंथरायच्या. शाळेचा रस्ता त्यांच्या पडवीवरून जातो, तो सोडून मी खाडीच्या बाजूने जायला लागलो.

कोणी म्हणेल, मास्तर दुःखात होते. होतो. दुःखात माणूस रडतो, जेवत नाही, देवाशी भांडतो. म्हातारीला गावासमोर खोटी पाडायला दुःख लागत नाही, त्याला आब लागतो, आणि तो माझ्याकडे भरपूर होता.

मागच्या पावसाळ्यात खाला आजारी पडल्या. त्यांची सून माझ्या दारात आली. "मास्तर, सासूबाईंवर पढायला कोणी नाही. ज्यांना येतं ते म्हणतात हे बरोबर नाही. तुम्ही याल?"

मी गेलो. जाताना कपाटातून ती रक्तदाबाची चिठ्ठी काढून घेतली. वर्तुळ अजून होतं, पिवळं पडलेलं. ठरवलं होतं, आधी ती त्यांच्या हातात द्यायची, मग पढायचं.

खाला खूप लहान झाल्या होत्या. सुनेने त्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी स्टुलावर पसरून वर बाटली ठेवली होती, सगळं त्यांच्या नियमाने. मी बसलो. त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं आणि बोळक्या तोंडाने हसल्या.

"चिठ्ठी आणलीत, मास्तर?"

तो टोमणा होता की सवय, मला आजही ठरवता येत नाही. हात खिशात गेला. कागद बोटांना लागला. सून पाणी घेऊन दारात उभी होती.

"आणलीय," मी म्हणालो, आणि फातिहा सुरू केली.

सात वेळा पढलो. चौथ्या वेळी त्या म्हणाल्या, "घाई नको. शाळा सुटली नाही अजून." मी हळू झालो. त्यांचा श्वास लांब झाला आणि त्या झोपल्या. उद्या सांगू, म्हणून मी उठलो. उद्या मी गेलो नाही. परवा गेलो तेव्हा अंगणात माणसं उभी होती.

दोन्ही वक्त्यांनी हे वाचावं, मेहुण्याने वाचावं, जियारतीला जे होते त्यांनी वाचावं. पण ज्यांना सांगायचं होतं त्यांना ही अक्षरं वाचता येत नव्हती, आणि शिकवणाऱ्याने शिकवली नाहीत. म्हणून त्या दिवशी स्टुलाशी बसून जे तोंडाने म्हणायला हवं होतं, ते असं :

खाला, ती चिठ्ठी माझी होती. रक्तदाबाची. तुम्ही खरं बोललात आणि मी तुम्हाला खोटं पाडलं. मला माफ करा.