फकीरव्वाला कुणी विचारलंच नाही

बेटगेरीत लग्नघरच्या कडक भाकऱ्या म्हटल्या की माझ्या सासूचं, फकीरव्वाचं नाव. पंच्याहत्तरी उलटली तरी चूल सुटली नव्हती. दुखणं बोलून दाखवणं तिच्या स्वभावातच नाही. म्हणून त्या सकाळी ती पोट धरून अर्ध्या भाकरीवरून उठली, तेव्हाच मी घाबरले.

गदगच्या दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टर माझ्या नवऱ्यालाच विचारत राहिला, "काय खाल्लं होतं? संडास झाली का?" खाटेवरची बाई म्हणजे जणू गाठोडं. त्यानं लुगड्यावरूनच पोट चाचपलं. "पोट मऊ आहे, ताप नाही. गॅस धरलाय. या वयात चालायचंच." एक सुई टोचून त्यानं आम्हाला घरी पाठवलं.

दुपारी हिरव्या उलट्या सुरू झाल्या. परत गेलो. तोच डॉक्टर, तेच उत्तर.

मी म्हणाले, "अहो, ही चार बाळंतपणांत कण्हली नाही. आज कण्हतेय."

तो हसला. "अक्का, म्हातारी माणसं लहान मुलांसारखीच असतात."

माझं डोकं फिरलं. "मोठ्या डॉक्टरांना बोलवा. तोवर ही खाट मी सोडणार नाही."

शेवटी डॉक्टर सुलोचना पट्टणशेट्टी आल्या. पुरुषांना बाहेर काढून त्यांनी पडदा ओढला आणि सासूच्या तोंडाशी वाकल्या. "अव्वा, कुठं दुखतंय, तुम्हीच सांगा."

फकीरव्वानं माझ्याकडं पाहिलं, मग हळूच लुगडं सारलं. जांघेत लिंबाएवढी लाल गाठ होती. आतडं तिथं अडकून सडायला लागलं होतं.

बाहेर येऊन बाईंनी त्या पोराला सगळ्यांदेखत विचारलं, "म्हाताऱ्यांचं पोट आतून बिघडलं तरी वरून मऊ लागतं, ताप चढत नाही. म्हणून तर जास्त बघायचं. जांघ का नाही बघितलीस?"

लगेच ऑपरेशन झालं. वीतभर आतडं कापावं लागलं, पण ती वाचली.

पुढं तोच डॉक्टर तिला तपासायला आला. "अज्जी, गाठ आहे हे आधी सांगायचं ना."

"तू मला विचारलंस कधी, बाळा? विचारत होतास माझ्या लेकाला. त्याला माझी जांघ काय ठाऊक?"

शेजारच्या खाटांवरच्या बायका खुदखुदल्या. मला हसू आलं नाही.

आता भाकऱ्या मी थापते. ती भिंतीला टेकून बसते, लवकर दमते. सकाळीच कुणी पडदा ओढला असता, तर एवढं कापावं लागलं नसतं. नवरा म्हणतो, जीव वाचला ना, सोडून दे आता. मी कसं सोडू?