निळ्या खडूची अक्षरं

अर्धापूरला आमच्या घरासमोर एका शिलाईवाल्या मास्टरांचं दुकान आहे. सकाळी पेपर आला की ते आधी शब्दकोडं सोडवतात, तेही कापडावर खुणा करायच्या निळ्या खडूनं. झालं की पेपर फडकन झटकतात, वरून हात फिरवतात. चौकोन पुन्हा कोरे. "पेपर चहावाल्याचा हाय. आपण कशाला खराब करायचा?"

गेल्या वर्षी मला अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, पण साधे साधे शब्द तोंडात अडकायला लागले. लोक माझी वाक्यं स्वतःच पुरी करायचे, म्हणून मी बोलणंच सोडलं.

मास्टर मात्र पेपर झटकला की रोज मला हाक मारतात. "काका, एकच शब्द अडलाय बघा. धान्य मोजायचं जुनं माप, तीन अक्षरी." आणि मशीनला तेल घालत बसतात. मी "पा... पा..." करत राहतो. ते मान वर करत नाहीत. "होऊ द्या निवांत, मीबी काम करून राहिलो." शेवटी "पायली" बाहेर पडलं की म्हणतात, "तुमी नसता तर कोडं तसंच राहिलं असतं."

काल उत्तर सांगायच्या आधी मी पेपर उन्हात धरला, तर माझ्या वाट्याच्या चौकोनांतही निळी अक्षरं होती. पुसट, पण वाचता येण्यासारखी.

आज त्यांनी विचारलं आणि उत्तर मला लगेच सुचलं. तरी त्यांचं तेल घालून होईपर्यंत मी थांबलो.