मेणबत्ती आणि दोन डबे
काल लाइट आली, मेणबत्ती फुंकली आणि त्या धुराच्या वासाने मी थेट मालाडच्या शाळेत, चौथीच्या वर्गात जाऊन उभी राहिले. तिथे कोपऱ्यात मदर मेरीचा लहानसा निळा पुतळा होता आणि सकाळच्या प्रार्थनेआधी त्याच्यापुढे मेणबत्ती लावायची ड्यूटी आठवडाभर एकाच मुलाची असे. ज्याची ड्यूटी त्यानेच करायची, हा टीचरचा नियम. माझी पाळी आली तेव्हा धाकटा भाऊ तापाने जाऊन आठवडाही झाला नव्हता. आई भिंतीकडे तोंड करून पडून असायची, जेवण शेजारून यायचं. "टीचर, मला सुतक आहे, देवाला हात नाही लावायचा," मी हळूच म्हटलं. टीचरनी काडेपेटी माझ्याच हातात दिली. "अगं, तिचापण मुलगा गेला ना. तिला तुझं सुतक कसं नाही चालणार?" काड्या एकामागून एक विझत होत्या, पण टीचरनी काडेपेटी परत घेतली नाही. शेवटी वात पेटली. घरी येऊन मी हे सगळं आईच्या पाठीला सांगितलं. भिंतीकडे तोंड तसंच ठेवून ती म्हणाली, "मग ती मेरी काय करते गं?" "उभी असते," मी म्हटलं, "सकाळी मुलं येतात ना." दुसऱ्या दिवशी आई उठली, पोळ्या केल्या, डबे भरले, माझा आणि सवयीने भावाचाही. मी दोन्ही दप्तरात घातले आणि मधल्या सुट्टीत दोन्ही संपवले. संध्याकाळी ते रिकामे डबे घासताना, दुसरा डबा हातात आल्यावर, आईचे हात मध्येच थांबले. त्याबद्दल आम्ही दोघी अजून बोललेलो नाही.