पंचायतीतली चौथी

बाबुलाल आपल्याला फसवतोय असं कोणी मला सांगितलं असतं, तर मी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. इतका साधा माणूस. भंडाऱ्याकडची शेती भावाच्या हवाली करून भिलाईच्या पोलाद कारखान्यात आला आणि खलाशी झाला, म्हणजे क्रेनला साखळदंड बांधून गर्डर वर चढवणाऱ्या टोळीतला. पहिली भट्टी पेटली होती, पुढचं बांधकाम जोरात होतं. क्वार्टर मिळेपर्यंत तो बायकोला घेऊन जवळच्या कोहका गावात भाड्याच्या खोलीत राहत होता. मी दुर्गचा, टाइम ऑफिसात हजेरी मांडणारा बाबू.

रविवारी संध्याकाळी नागपूरच्या रेडिओवर ‘पारावरची पंचायत’ लागायची. श्रोत्यांच्या प्रश्नांवर मंडळी भांडायची. पाटील बढाया मारायचे, मास्तर ‘मुद्दा असा आहे’ म्हणून मुद्दाच विसरायचे आणि वैद्यबुवा कशावरही एरंडेल सांगायचे. या तिघांना पुरून उरायची ती म्हातारी गिरजाबाई. कोहक्याच्या हॉटेलातल्या डब्यावर नागपूर इतकं खरखरत यायचं की अर्धंअधिक कळायचंच नाही. बाबुलाल तेवढा डब्याला कान लावून बसायचा आणि सोमवारी कँटीनमध्ये चौघांचे आवाज काढून सगळं ऐकवायचा.

गिरजाबाईनं तर कारखान्याला वेड लावलं होतं. पाटलांनी बढाई मारली की ती म्हणायची, “हो बाप्पा, अन् सूर्यबी तुमीच वर चढवला!” कोणी पोटाचं रडगाणं गायला लागला की, “उपाशी हाय बिचारा, तीनच भाकरी खाल्ल्या!” पाळीवर कोणाचा डोळा लागला की सगळी टोळी ओरडायची, “इंजन शंटिंगले आलं!” हेही तिचंच. आमचा फोरमनसुद्धा बोलता बोलता गिरजाबाईचा दाखला द्यायचा. ज्यांनी रेडिओ स्वतः ऐकला होता ते म्हणायचे, ही बाई बोलायला लागली की नेमकी खरखर वाढते. आम्ही सगळे शहाणे ते खरं मानत होतो!

त्या वर्षी सेक्टर सहाच्या गणपतीचा मी चिटणीस. हट्टाला पेटलो आणि नागपूरहून पंचायत प्रत्यक्ष आणवली. मांडव ओसंडून वाहत होता. पुरुष एकीकडे, कनातीपलीकडे बायका. तिकडे माझी बायको सुहासिनी होती आणि तिच्या शेजारी बाबुलालची बायको कौशल्या. ही कौशल्या कधी चारचौघांत बोललेली कोणी ऐकली नव्हती. आम्ही त्यांच्या घरी गेलो तर डोक्यावरचा पदर सावरून चहा ठेवायची आणि आत जायची.

पंचायत सुरू झाली. पाटलांनी पहिली बढाई मारली आणि सगळा मांडव एका सुरात गरजला, “हो बाप्पा, अन् सूर्यबी तुमीच वर चढवला!”

पाटील थांबले. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी वैद्यबुवांकडे. लोकांना वाटलं, हाही नाटकाचाच भाग. मग “इंजन शंटिंगले आलं” झालं, भाकरी झाल्या, आणि शालिकराम नावाचा बाबुलालचा जोडीदार उभा राहून ओरडला, “गिरजाबाईले आना ना जी! तिले कावून नाही आनलं?”

“कोण गिरजाबाई?” पाटलांनी माइकवरूनच विचारलं. “आम्ही तिघंच आहोत बुवा. पहिल्यापासून तिघंच.”

मग एकेक मान बाबुलालकडे वळली. तो मान खाली घालून बसला होता. मला त्याची कीव नाही आली, राग आला. पाहुण्यांसमोर अख्ख्या भिलाईचं हसं केलं या माणसानं!

खरा धक्का मात्र घरी गेल्यावर बसला. सुहासिनी म्हणाली, “ओरडा सुरू झाला तशी कौशल्यानं माझा हात घट्ट धरला. म्हणाली, वैनी, हे माहं बोलनं हाय. मी घरात ह्यायले बोलते ते. इतक्या मानसायले कसं ठाऊक? आणि उठून निघूनच गेली.”

मग सगळं माझ्या लक्षात आलं. बाबुलाल कामावरून येऊन गर्डरच्या बढाया मारायचा तेव्हा तिनं ते सूर्याचं म्हटलं होतं. इंजन म्हणजे त्याचं घोरणं. स्वयंपाकघरात दोघांत झालेली थट्टा तो सोमवारी कारखान्याला वाटत होता आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी त्याला गाठलं. “अरे, बायको म्हणाली असं सांगायला काय झालं होतं?”

“हासले असते ना बाबूजी. बायकोचं आयकते म्हनून नाव ठेवलं असतं मले.” मग हळूच म्हणाला, “आता ती बोलतच नाही. सयपाक करते, वाढते. पन शब्द नाही. मी हासून पायलं, रागावून पायलं. घर खायले उठते, बाबूजी.”

हे रोजच चाललं. बाबुलाल वाळत गेला. कँटीनमध्ये त्याच्याशी कोणी बोलेना, आणि घरात जिच्या बोलण्यावर तो जगत होता ती गप्प. ती आता कायमचीच गप्प झाली की काय, या धास्तीनं त्याला घास गिळवेना. मला राग धरून ठेवणं अवघड झालं.

विसर्जनाच्या दिवशी आरती संपली आणि कोणी काही म्हणायच्या आत बाबुलाल स्टेजवर चढला. माझ्या हातातला माइक त्यानं जवळजवळ हिसकावलाच.

“गिरजाबाई कोनी नाही,” तो म्हणाला. “ते समदं माह्या बायकोचं बोलनं व्हतं. तिचं नाव कौशल्या. तिले न इचारता मी घेतलं, अन् वरून दुसरीचं नाव लावलं. चुकलं माहं.”

तेव्हा आमच्याकडे चारचौघांत बायकोचं नाव कोणी घेत नसे. ‘घरचे’ म्हणायचं आणि भागवायचं. इथं यानं माइकवरून घेतलं! लोक आ वासून बघत राहिले. मग मागून कोणीतरी म्हणालंच, “ताटाखालचं मांजर!” आणि हशा उसळला. बाबुलाल तो सगळा हशा उभा राहून ऐकत होता. संपल्यावरच खाली उतरला. कौशल्या बसली होती त्या कनातीकडे मात्र त्यानं एकदाही पाहिलं नाही, आणि तिकडून कोणी हसलंही नाही.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये तो आला तेव्हा त्याचा चेहराच वेगळा होता. शालिकरामला राहवलं नाही. “मंग? बोलली का वैनी?”

“बोलली.”

“काय बोलली?”

अख्खं टेबल पुढे सरकलं. मीसुद्धा. इतक्या दिवसांच्या मौनानंतर ती बाई काय म्हणाली असेल, या विचारानं माझा चहा हातातच राहिला होता.

बाबुलालनं ग्लास संपवला आणि खाली ठेवला.

“नाही सांगत,” तो म्हणाला. “ते माह्या घरचं हाय.”

आणि उठून कामावर गेला.