वीज गेली तेव्हा

दर रविवारी सकाळी लालबागला माझ्या घरी आम्ही चार म्हातारे जमतो आणि कॉलेजात आम्हाला वेड लावलेल्या एका ब्रिटिश रॉक बँडच्या रेकॉर्डी ऐकतो. सत्तरच्या दशकातला बँड. त्यातले निम्मे आता हयात नाहीत.

आमच्यातला एक डोळे मिटून मांडीवर ड्रम वाजवतो आणि मध्येच ओरडतो, "आता बघ, गिटार कशी रडते!" गिटार तेव्हाच रडते. हल्ली मात्र काही विचारलं की तो आधी आमच्या तोंडाकडे बघतो. "कान दाखव रे डॉक्टरला," म्हटलं तर म्हणाला, "चहा? चालेल."

गेल्या रविवारी गाणं रंगात आलं आणि वीज गेली. रेकॉर्ड घरघरून थांबली. त्याची बोटं चालूच होती. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. त्याला हात लावायचं धाडस कोणाला होईना. बऱ्याच वेळाने त्याने शेवटचा ठोका मारून डोळे उघडले.

"काय वाजवलंय रे!"

"एक नंबर," आम्ही म्हणालो.

तो निघाला, तसा मीही चपला घालून त्याच्याबरोबर उतरलो. पुलाखाली रस्ता ओलांडताना मागून बस हॉर्न देत आली, तरी तो चालतच राहिला. मी दंड धरून त्याला मागे ओढलं.

"मघाशी पंखा बंद होता," तो म्हणाला. "रेकॉर्ड शेवटपर्यंत वाजली ना रे?"

मी त्याच्या समोर उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, "वाजली की!"